चेकच्या पाठीवर गाव

ब्याऐंशी साली भुजंग बी.ए. झाला आणि तेव्हापासून गावात कागदाचं कुठलंही काम बिघडायचं असलं, तर ते त्याच्याच हातून बिघडावं असा रिवाज पडला.

म्हणून कस्तुराकाकूंना कापसाचा चेक मिळाला तो सरळ त्याच्याकडं आला. या त्याच्या सख्ख्या चुलत्या. त्यांचं बँकेत खातं नव्हतं. भुजंगचं होतं, शाळेतल्या स्कॉलरशिपच्या वेळचं. काकूंनी मानवतच्या दुकानात शिलाई मशीन पाहून ठेवली होती. बारा वर्षं गावाची पोलकी हातानं शिवून झाली होती. दुकानदार शनिवारी दुपारपर्यंतच थांबणार होता.

"लय सोपं हाय, काकू. चेकच्या पाठीवर लिव्हायचं, पैसे भुजंगला द्यावेत. खाली तुमचा अंगठा, बाजूला एका साक्षीदाराची सही. झालं."

एवढं बोलून तो गप बसला असता तर गोष्ट इथंच संपली असती. पण तो चेक घेऊन पारावर गेला.

किशनरावांनी साक्षीदार म्हणून सही केली. शेजारी दत्तराव पान लावत होते.

"म्हंजी आमी मेलो का?"

लग्नात एकाला टॉवेल देऊन दुसऱ्याला विसरलं, तर या गावात तीन वर्षं बोलणं बंद पडायचं. भुजंगनं मुकाट्यानं पेन पुढं केलं. मग आश्रुबा आले. ते निजामाच्या शाळेत शिकलेले, सही उर्दूतून करायचे. उजवीकडून निघाले ते थेट दत्तरावांच्या अंगावर गेले. पारावरचे आणखी सहा जण रांगेत होतेच. सहीगणिक चेक मजबूत होत चाललाय असं भुजंगला वाटत होतं. शेवटी त्यानं स्वतःची सही ठोकली: तीन वेटोळी, दोन टिंबं, खाली रेघ. ही सही त्यानं कॉलेजात तीन वर्षं खपून कमावली होती. बाकीच्या विषयांना वेळच उरला नव्हता.

शनिवारी तो काकूंना घेऊन एस.टी.नं मानवतला गेला. बँकेतल्या साहेबांनी चेक उलटा केला आणि चष्मा पुसला.

"ही लग्नपत्रिका हाय का?"

"साक्षीदार हायत, साहेब."

"ते कळलं. पण चेक ज्यांचा, त्या बाईचा अंगठा कुठाय?"

भुजंगनं पाहिलं. अख्खं गाव मावलं होतं. काकूंसाठी मुगाच्या दाण्याएवढी जागा उरली होती.

साहेबांनी अंगठ्याला जागा म्हणून डिंकानं चेकला एक कोरी चिठ्ठी चिकटवली. मग त्यांनी भुजंगच्या खात्याचं कार्ड काढलं. त्यावरची सही प्रार्थनेला उभ्या पोरासारखी सरळ होती.

"ही सही तुमची न्हाई."

"माझीच हाय, साहेब. मधी माझी सुधारणा झाली."

"ती बँकेला कळवायची असती."

घड्याळात पावणेबारा झाले होते. बँक बाराला बंद व्हायची. काकू भुजंगकडं बघत नव्हत्या, घड्याळाकडं बघत होत्या.

"बाई," साहेब म्हणाले, "तुमी सोता आलाय, तर पैसे तुमच्याच हातात देतो. ह्यांच्या नावाचं खोडतो. पण तुमाला इथं कोण वळखतं?"

ओळखणारे नऊही जण गावात पारावर बसले होते.

इतक्यात पाण्याचा पेला घेऊन बँकेचा शिपाई सीताराम आला आणि थबकला. "अगं कस्तुरा, तू? साहेब, ही आमच्या गावची लेक हाय!"

सीतारामनं साक्षीदाराची सही केली. काकूंनी साहेबांसमोर चिठ्ठीवर अंगठा उमटवला. पाच मिनिटांत पैसे पदरात बांधले.

साहेबांनी भुजंगकडं बोट केलं. "आन् ह्यांना वळखता का तुमी?"

भुजंग काकूंकडं बघू लागला. सही तर गेलीच होती, आता माणूस तरी राहतो का बघायचं होतं.

"आमच्या दिराचं पोरगं हाय," काकू म्हणाल्या. "शिकल्यालं हाय, साहेब, पर तसं वाईट न्हाई. चल रं भुजंगा, मशीन उचलायला कुणीतरी लागंल."

साडेबाराला मशीन डोक्यावर घेऊन भुजंग स्टँडकडं निघाला होता. बी.ए. झाल्यापासून न बिघडलेलं त्याचं हे पहिलंच काम.