काजळ्या पुढे गेला

काजळ्या पडला तेव्हा मी भोपळ्यांत बसलो होतो.

काजळ्या म्हणजे माझं पात्र. दर रविवारी दुपारी मिरजेत, तारिकच्या तंबोऱ्यांच्या कारखान्यात, पूजा, जयराज आणि मी कागद, पेन्सिल आणि वीस बाजूंचा फासा घेऊन भुयारं लुटतो. गोष्ट तारिक चालवतो. कुठल्या दारामागे काय आहे ते फक्त त्याला माहीत. काजळ्या आमचा टेहळ्या. चार वर्षं टिकला, म्हणजे आमच्यात सगळ्यात म्हातारा. नियम कडक आहे: जो पुढे जाईल त्याला तारिक शेजारच्या खोलीत नेऊन एकट्याला सांगणार. तो परतेपर्यंत बाकीच्यांना काही कळता कामा नये. त्या खोलीत तंबोऱ्यांचे भोपळे वाळत ठेवलेले असतात.

"दाराच्या कडीत विषारी सुई होती," तारिक हळूच म्हणाला. "दहा फेऱ्यांत कुणी औषध पाजलं तर काजळ्या उठेल. नाहीतर तो मेला, त्याचा कागद फाडायचा."

"ओरडू?"

"जीभ लुळी पडलीय."

तो गेला. मी एका भोपळ्याला टेकून लुळा पडलो.

भिंत पातळ होती, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. औषधाची कुपी पूजाकडे होती. भडंगाचा डबाही पूजाकडेच होता. पहिल्या तीन फेऱ्या डब्यात गेल्या.

"आला न्हाई अजून," जयराज म्हणाला. "खजिना घिऊन पळाला आसंल."

"चार वर्षांत कधी पळाला नाही तो."

"तेच म्हनतो मी. लय धीर धरला गड्यानं."

मग काजळ्या फितूर की भित्रा यावर मतदान झालं. एकास एक. त्यात आणखी तीन फेऱ्या गेल्या.

सातव्या फेरीला पूजा उठली. "मी पुढे जाऊन बघते."

"एकलीच?"

"दोघंही गेलो तर मागं कोण राहणार रे?"

तारिक तिला आत घेऊन आला. मला बघून तिनं जीभ चावली. "काजळ्या दिसला, तू धावलीस," तारिक म्हणाला आणि तिच्या हातात फासा ठेवला. दोन पडले. "मधली फरशी खचली. खाली भाले. कुपीही फुटली."

तिचा कागद त्यानं तिथंच फाडला. हळू, पलीकडे आवाज जाऊ नये म्हणून. ती माझ्याशेजारी बसली.

"किती राहिलं होतं?" तिनं कुजबुजत विचारलं.

"चार पावलं," असं म्हणून तारिक बाहेर गेला.

"नववी फेरी," त्याचा आवाज आला. "मशाल विझत आलीय. मागं फिरतोस?"

"न्हाई," जयराज म्हणाला. "येत्याल दोघं. थांबतो मी."

दहावी संपल्यावर तारिक आत आला. मी कागद स्वतःच पुढे केला. त्यावर जुन्या चहाचा डाग होता. फाटताना तो बरोबर मधोमध फाटला.

मशाल विझल्यावर त्या भुयारात काय येतं, हे आम्हा दोघांना सांगायला आता हरकत नव्हती. तारिकनं सांगितलं. पूजानं तोंडावर हात धरला.

"तारिक, अकरावी घे की रं," पलीकडून जयराज म्हणाला. "मी हाय हितंच."