भायांच्या छातीवर दोन हात

मी तापट आहे, असं सासरचे बारा वर्षांपासून म्हणतात आणि ते खरंच आहे. पण या घरात एका माणसापुढं मला तोंड उघडायची सोय नव्हती. ते म्हणजे आमचे भाया, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ बन्सीधर. ते समोर असले की डोक्यावरचा पदर ढळता कामा नये. ते ओट्यावर बसले की आपण आत. बोलायचंच झालं तर तिसऱ्याच्या नावानं. ‘चहा झाला म्हणावं,’ असं मी भिंतीकडं बघून सांगायची. भिंत कुणाला काही सांगत नसे, पण भाया चहाला येत.

डिसेंबरात उपकेंद्राच्या सुकेशनी सिस्टर एका मोठ्या पिशवीतून रबराचा पुतळा घेऊन आमच्या बचत गटाच्या बैठकीला आल्या. नुसतं डोकं आणि छाती, बाकी काही नाही. माणूस अचानक पडला, हाका मारून उठेना, श्वास धड चालेना, तर एकशे आठला फोन लावायचा आणि छातीच्या मधोमध जोरानं, भराभर दाबत राहायचं. दाब बरोबर बसला की पुतळ्यातून टक् असा आवाज यायचा. माझी पाळी आली तेव्हा तो येईना.

“वैनी, भाकरी थापायलाव का? खांद्यातून जोर लावा!” सिस्टर ओरडल्या.

मला असा राग आला की पुढचे तीसच्या तीस टक् वाजले. बायांनी टाळ्या पिटल्या. सासूबाई सरजाबाई दारातून बघत होत्या. “याला पायच न्हाईत. वाचून तरी करंल काय?” म्हणाल्या, आणि सगळ्या बैठकीला हसू आवरेना.

घरी भायांच्या कानावर गेलं. त्यांनीही भिंतीलाच सांगितलं, “परक्या मानसाच्या छातीवर हात ठेवायचं शिकायलेत म्हणं. लय झालं.” मी आत भांडी आपटली. दुसरं काय करणार?

त्यानंतर आठवड्याभरानं आमच्या दारात कापसाचं माप होतं. पाथरीचा व्यापारी टेम्पो घेऊन सकाळीच आलेला. जाऊबाई लेकीकडं गेलेल्या, आमचे हे बँकेच्या कामाला पाथरीत. भाया स्वतः गठोडी उचलून काट्यावर ठेवत होते आणि भुजंग हमाल मोजत होता. अकराव्या गठोड्याला भाया खाली वाकले आणि तसेच कापसावर कोसळले.

“फीट आली, फीट!” कुणीतरी ओरडलं. लगेच एकानं पायातली चप्पल काढून भायांच्या नाकाला लावली. दुसरा कांदा फोडायला पळाला. सासूबाईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून लेकाच्या मुठीत कोंबला. व्यापारी म्हणाला, “जीपमधी टाका, पाथरीला न्या. हितं काय झालं तर पोलिस मला इचारतील.” आणि तो टेम्पोकडं सरकायला लागला.

मी दारात, पदर दातात धरून. भायांना झटके येत नव्हते. रंग राखेसारखा झाला होता आणि घशातून मधूनच घोरल्यासारखा एखादा आवाज येत होता.

“श्वास चाललाय, चाललाय!” लोक म्हणाले.

तो श्वास नव्हता. सिस्टरनी बजावून सांगितलं होतं, असं घोरणं ऐकून फसू नका. मी भिंतीकडं बघितलं, आणि मला माझाच इतका संताप आला की काय सांगू! माणूस मरायला लागलाय आणि ही बाई भिंत शोधतेय!

मी धावले, त्यांच्या नाकाची चप्पल भिरकावली, गुडघ्यावर बसले. “भाया! अहो भाया!” बारा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना सरळ हाक मारली. उत्तर आलं नाही. “मालक, एकशे आठला फोन लावा! टेम्पो हलवला तर माझ्याशी गाठ आहे!” व्यापाऱ्यानं निमूट फोन काढला.

दोन्ही हात छातीच्या मधल्या हाडावर ठेवून मी दाबलं.

“अगं राजी, काय करायलीस? भाया हाय तुजा! पदर तरी घे डोक्यावर!” सासूबाई किंचाळल्या.

“आत्याबाई, पदर मागून घेते! भुजंगभाऊ, मोठ्यानं मोजा!”

भुजंग बिचारा गांगरलेला. मापाला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात, हे त्याच्या हाडामासात. त्यानं जोरात सुरुवात केली, “लाभ! दोन! तीन!”

“भराभर!”

“लाभ दोन तीन चार पाच!”

हाताखाली काहीतरी कड्कन मोडलं. बरगडी. पण सिस्टर म्हणाल्या होत्या, बरगडी जुळते, थांबू नका. मी थांबले नाही. घाम डोळ्यांत जायला लागला, दंड भरून आले, तेव्हा मी भुजंगचे हात ओढून माझ्या हातांच्या जागी ठेवले. तो दाबायला लागला आणि मी मोजायला लागले, आणि माझ्याही तोंडून लाभच आलं! मग परत मी. मग कांदा आणायला गेलेला, तोही गुडघ्यावर बसला. सतरा मिनिटं आम्ही छाती मोकळी सोडली नाही.

एकशे आठच्या गाडीचा भोंगा ऐकू आला तेव्हा अख्खी गल्ली ओरडली. डॉक्टरांनी सदरा फाडून पट्ट्या चिकटवल्या, सगळ्यांना दूर केलं, मशीनचा झटका दिला. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग त्यांनी मानेला बोटं लावली आणि मान वर न करता म्हणाले, “नाडी लागली. हृदय चालू झालं.”

मी तिथंच कापसात बसले आणि मोठ्यानं रडले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

दुपारी परभणीच्या दवाखान्यातून ह्यांचा फोन आला; पाथरीहून हे थेट तिथं पोचले होते. भायांनी डोळे उघडले होते, पाणी मागत होते. दोन बरगड्या मोडल्या होत्या. “डॉक्टर म्हणायलेत, दाबणाऱ्यानं जीव वाचवला,” हे म्हणाले. मी गल्लीभर पळत सुटले, दिसेल त्याला सांगत. भुजंगला तर चार वेळा सांगितलं.

घरी आले तर सासूबाई बाजेवर बसलेल्या. मला वाटलं, आता पदराचं निघणार. त्यांनी बाजेवरची उशी उचलली, जमिनीवर ठेवली आणि गुडघे धरत तिच्यापुढं बसल्या.

“दाव मला,” म्हणाल्या.

“काय, आत्याबाई?”

“ते दाबायचं. घरात समद्यांचं तू करशील गं.” त्यांनी डोळे पुसले. “तू पडलीस तर तुजं कोन करंल?”

मी त्यांच्या समोर बसले, त्यांचे हात एकावर एक ठेवले आणि म्हणाले, “खांद्यातून.”