कॅप्टन देवमन गेला

पौर्णिमा सकाळी अमरावतीच्या एका कोचिंग क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायची आणि दुपारी विज्ञान कादंबऱ्या लिहायची. चार पुस्तकं निघाली होती. पाचव्या कादंबरीत शनीच्या एका चंद्राकडे निघालेलं यान होतं, आणि त्यातली माणसं पहिल्यांदाच तिच्या माहेरची वऱ्हाडी बोलत होती.

पुण्याहून संपादकांचा फोन आला. "कादंबरी उत्तम झालीय. पण दोनशे वर्षांनंतर यानात वऱ्हाडी कोण बोलेल? वाचक हसतील. तेवढी भाषा प्रमाण करा."

लोक हसतील ही धास्ती तिलाही होतीच. एक प्रकरण तिनं बदलून पाहिलं, तर यानातले सगळे बातम्या सांगायला बसल्यासारखे वाटू लागले.

रविवारी ती अकोल्याजवळ माहेरी गेली. वडील, नत्थुजी, झेंडूची पोती बाजारात पाठवून नुकतेच जेवले होते. लेकीची पुस्तकं त्यांनी कपाटात नीट लावून ठेवली होती, वाचलं मात्र एकही नव्हतं.

"मी वाचून दाखवते," म्हणत पौर्णिमानं मूळ वऱ्हाडीतलंच प्रकरण काढलं.

यानाच्या कवचाला चीर पडते. कॅप्टन देवमन बाहेर उतरून ती बुजवतो, पण परत येण्यापुरता प्राणवायू उरत नाही. "माही वाट नका पाहू," तो आतल्यांना सांगतो, "तुमी जेवून घ्या."

सुरुवातीला नत्थुजी खुदखुदत होते. प्रकरण संपलं तसे उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. आईनं आणलेला चहा तसाच निवला.

"बाबा, काय झालं?"

"काहून मारलं व त्याले? आपल्यातला माणूस होता."

"तो गेला म्हणून बाकीचे वाचले."

"ते समजलं मले. पण सारं तुयाच हातात होतं ना?"

पौर्णिमाला हसू आलं आणि डोळेही भरले. तिच्या कुठल्याच पात्रासाठी आजवर कोणी असं हळहळलं नव्हतं. देवमनला ती वाचवणार नव्हती, पण त्याची बोली काढून घेणंही आता तिच्यानं होणार नव्हतं.

तिनं तिथूनच फोन लावला. "भाषा आहे तशीच राहील, सर."

संपादक कुरकुरले. थोड्या वेळानं म्हणाले, "पुस्तकाच्या शेवटी अवघड शब्दांचे अर्थ तरी द्या." ते तिनं आनंदानं मान्य केलं.

नत्थुजी आत येऊन खाटेवर मांडी घालून बसले. "वाच पुढं," ते म्हणाले. "आता यान कोण चालवून राहिलं, ते तरी समजू दे."