रेघेतला मोकळा हिवाळा

रेघ कुठल्या रंगाची असावी यावरून त्या शनिवारी क्लबच्या सौनामध्ये, त्या तापवलेल्या लाकडी खोलीत, जे रणकंदन माजलं, ते ऐकून कुणालाही वाटलं असतं की गावाचा पुढचा नगराध्यक्षच ठरतो आहे. उघडीबोडकी, घामाने निथळणारी, साठी-सत्तरीची माणसं फळ्यांवर दाटीवाटीने बसलेली, आणि विषय काय, तर आलेखाची रेघ!

"निळी," प्रेबेन म्हणाला. हिवाळी पोहणाऱ्यांच्या त्या मंडळाचा तो अध्यक्ष. "पाण्याचं तापमान आहे म्हटल्यावर निळीच हवी."

"आपल्या फ्योर्डचं पाणी कधी निळं बघितलंस रे तू?" गेर्डाने खिडकीबाहेरच्या खाडीकडे बोट दाखवत विचारलं. तिची बेकरी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण जिभेची धार काही गेली नव्हती. "राखाडी कर, बोडिल. सरळ चिखलाचा रंग."

"राखाडी म्हणजे मयताला आल्यासारखं वाटेल."

"मग काय लाल करतोस? ताप चढलाय असं वाटायला?"

बोडिल वरच्या फळीच्या कोपऱ्यात बसून नुसती ऐकत होती. जन्मभर नगरपालिकेत आकडेवारीचं काम केलेलं, म्हणून आलेख तिच्या गळ्यात पडला होता. मंडळाचा सुवर्णमहोत्सव ऑक्टोबरात होता. मंडळ सुरू झाल्यापासूनच्या दर हिवाळ्याचं सरासरी तापमान, दर हिवाळ्याला एक ठिपका, आणि सगळे ठिपके जोडणारी एक रेघ. हे सगळं मोठ्ठं छापून कॉफीच्या खोलीच्या भिंतीवर लावायचं होतं. बोडिलने लगेच हो म्हटलं होतं. मनात मात्र तिने आणखी एक गोष्ट ठरवून टाकली होती, ती कुणालाच माहीत नव्हती. आलेख मंजूर झाला, की क्लबची किल्ली प्रेबेनच्या हातात द्यायची आणि इथून जायचं, कायमचं.

कारण जुनं होतं. तिचा नवरा आक्सेल रोज सकाळी धक्क्याच्या टोकाशी उभा राहून लाकडी कवचातला थर्मामीटर दोरीने पाण्यात सोडायचा, वर खेचायचा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा ओरडायचा; तोच क्लबच्या वहीत लिहिला जायचा. तो ओरडल्याशिवाय कुणी पाण्यात उतरायच्या शिडीवर पाय ठेवत नसे. मग एका वर्षी तो आजारी पडला आणि हिवाळाभर अंथरुणातच होता. त्या अख्ख्या हिवाळ्यात क्लबमध्ये एकदाही तापमान मोजलं गेलं नाही. मार्चात तो गेला, आणि पुढच्या शरद ऋतूत प्रेबेन नवा, लुकलुकत्या आकड्यांचा थर्मामीटर घेऊन हजर!

इतकी वर्षं ज्याने यांच्यासाठी गारठ्यात हात काळेनिळे करून घेतले, त्याच्या दुखण्यात एका माणसालाही ती दोरी पाण्यात सोडता येऊ नये? हे बोडिलला जे लागलं ते लागलं. ती येत राहिली, पोहत राहिली, कॉफी पीत राहिली, हसतसुद्धा राहिली. पण सल काही जाईना.

घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिने वहीतले आकडे सॉफ्टवेअरला दिले, तर त्या एका हिवाळ्याशी रेघ धाडकन शून्यावर आपटली आणि पुन्हा वर उसळली. आकडा नाही म्हटल्यावर सॉफ्टवेअरने आपलं शून्य धरून टाकलं होतं. फ्योर्ड त्या साली गोठला होता की काय असं कुणालाही वाटलं असतं.

"अरे मूर्खा," ती पडद्याला म्हणाली, "मोजलं नाही म्हणजे शून्य नव्हे."

तिने सेटिंग उघडली. रिकाम्या जागांचं काय करायचं यासाठी तीन पर्याय होते. शून्य समजा, मोकळ्या सोडा, जोडून घ्या. तिने मोकळ्या सोडून पाहिलं. रेघ तुटली. डावीकडे आक्सेल, उजवीकडे आक्सेल नाही, आणि मध्ये ती भेग. तिला ती बघवेना. तिने घाईघाईने तिसरा पर्याय निवडला, तशी रेघ एका हिवाळ्यातून दुसऱ्यात गुमान चालत गेली. कुणाच्या दुखण्याचा मागमूस नाही, कुणाच्या निष्काळजीपणाचा नाही. बरं झालं, तिला वाटलं. यांची लाज मी कशाला भिंतीवर टांगू?

पुढच्या शनिवारी निघताना तिने क्लबची किल्ली जुडग्यातून सोडवून वेगळी घेतली.

पोहून झाल्यावर सगळे आंघोळीचे झगे गुंडाळून कॉफीच्या खोलीत जमले. मधोमध लोणी-चीज लावलेले पाव, कडू दारूची बाटली आणि बोडिलचा लॅपटॉप. रेघ निळी होती. आकडे ठळक होते, खाली सालं नीट तिरपी लिहिलेली, चष्म्याशिवाय वाचता येतील अशी.

"वा!" प्रेबेन खूष झाला. "बघा, कशी सलग आलीय! आहे का कुठे खोट?"

गेर्डाने पावाचा तुकडा खाली ठेवला, चष्मा चढवला आणि सालांवरून बोट फिरवत नेलं. बोट थांबलं.

"ह्या हिवाळ्यात कुणी मोजलं?"

"कुणी नाही," बोडिल म्हणाली. "मधली जागा सॉफ्टवेअरने भरून काढलीय."

"मग पूस तेवढी रेघ."

"अगं, दिसायला बरं दिसतंय की," प्रेबेन पुटपुटला.

"तू गप्प बस. तू होतास ना तेव्हा? मग तुला चांगलं माहीत आहे. पूस गं ते, बोडिल."

मग मात्र बोडिलचा बांध फुटला. "कशाला पुसू? भिंतीवर भोक हवंय का तुम्हाला? सगळ्यांनी बघावं की आक्सेल अंथरुणात होता आणि तुमच्यातल्या एकाच्याही हातून साधं मोजणं झालं नाही? मी झाकून घेतलं तुमचं, उपकार माना!"

प्रेबेनने हातातला कप खाली ठेवला. मग तो बोलला.

"थर्मामीटर तिथेच खुंटीवर होता. पहिल्या सकाळी मी काढायला गेलो, तर गेर्डाने हातावर फटका मारला."

"मारणारच," गेर्डा म्हणाली. "त्याचं होतं ते काम."

"मग आम्ही सभा घेतली," प्रेबेन पुढे म्हणाला. "आक्सेल बरा होऊन येईल आणि तोच मोजेल, तोवर कुणी त्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. एकमताने."

"दुसरा आणता आला असता," बोडिल म्हणाली.

"आणला असता तर काय, त्याला जिवंतपणीच निरोप दिल्यासारखं झालं असतं!" गेर्डा म्हणाली. "रोज शिडीवर उभे राहून एकमेकांना विचारायचो, आज आक्सेल किती म्हणाला असता? मी सांगायचे, हा सांगायचा, आणि त्यावरून भांडत भांडत उड्या मारायचो. हिवाळाभर."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार होतो?" प्रेबेन म्हणाला. "तुझा नवरा मरणाच्या दारात, आणि आम्ही येऊन सांगायचं की बाई गं, आम्ही त्याच्यासाठी काहीच केलेलं नाही?"

बोडिल रडली. भरपूर रडली, झग्याच्या बाहीला डोळे पुसत, आणि गेर्डाने तिच्यापुढे कडू दारूचा पेला सरकवला. तिने तो एका घोटात संपवला. मग लॅपटॉप पुढे ओढला, सेटिंग उघडली आणि मोकळ्या सोडा या पर्यायावर बोट ठेवलं. रेघ तुटली. या वेळी ती बघत राहिली.

"आता बरोबर," गेर्डा म्हणाली, आणि पुन्हा वाकली. "पण हे बघा, भेगेच्या पलीकडची रेघ जराशी खाली आहे. मी म्हणत नव्हते? आक्सेल गेल्यापासून पाणी गार झालंय. तुम्ही म्हणायचात म्हातारपण आलंय तुला."

बोडिलने पडद्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं, नाक वाहत असताना, आवरता आवरेना असं.

"पाणी नाही गं गार झालं," ती म्हणाली. "तो तुम्हाला अर्धा अंश वाढवून सांगायचा."

"काय?"

"रोज! खरा आकडा घरी येऊन मला सांगायचा. म्हणायचा, खरं ओरडलो तर गेर्डा शिडीवरूनच माघारी फिरेल."

गेर्डाने छताकडे बघून मूठ उगारली. "लबाड कुठला! आणि मी मूर्ख, एवढी वर्षं उतरत राहिले!"

हसण्याचा भर ओसरल्यावर प्रेबेन एकदम गंभीर झाला. अध्यक्षच तो. "म्हणजे भेगेच्या अलीकडचे, आक्सेलचे सगळे ठिपके चुकीचे? आता काय करायचं?"

"सोपं आहे," बोडिल म्हणाली. "आक्सेलचा भाग अर्धा अंश खाली घेते, दोन्ही तुकडे जुळतील. किंवा आहे तसं ठेवते. तो अर्धा अंश का वाढलाय, ते खाली बारीक अक्षरांत लिहून टाकू."

"त्या अर्ध्या अंशाला हात लावायचा नाही," गेर्डाने बजावलं. "त्याच्याच भरवशावर मी जगले. आणि रेघ राखाडी कर."

"रंगाचं नंतर," प्रेबेन म्हणाला. "आधी आलेख आहे तसा ठेवायचा की नाही, त्यावर मत घेऊ. ठेवावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. फक्त सभासदांनी."

हे शेवटचं तो दर वेळी म्हणायचा, सवयीने. भराभर हात वर झाले. बोडिलचा उजवा हात झग्याच्या खिशात होता, किल्लीभोवती घट्ट मिटलेला. तिने किल्ली सोडली, हात बाहेर काढला आणि वर केला.