मी चिनूकच्या पक्षात

आमच्या टॅनर्स कूली गावात दोनच पक्ष आहेत आणि त्यांचा निवडणुकीशी काही संबंध नाही. एक चिनूकवाले, दुसरे थंडीवाले. ऐन जानेवारीत, बाहेर पाऊल टाकलं की नाकातले केस कडक होतात अशा दिवसांत, पश्चिमेच्या डोंगरांवरून चिनूकचा गरम वारा सुटतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत छपरांवरून पाणी गळायला लागतं. चिनूकवाले जॅकेट काढून कमरेला बांधतात. थंडीवाले घरी नकोसे पाहुणे येऊन बसल्यासारखं तोंड करतात. गुरं पाळणारे चिनूकवाले, कारण गवत उघडं पडतं. गहू पेरणारे थंडीवाले, कारण पिकावरची हिमाची गोधडी उडून जाते. माझी आई थंडीवाली, कारण चिनूक आला की तिचं डोकं ठणकतं आणि ती पडदे ओढून पडून राहते. बाबा थंडीवाले, कारण रिंक.

मी चिनूकवाली. आणि मोठ्या आवाजातली.

हा मोठा आवाज नवा होता. गेल्या वर्षापर्यंत मी उत्तर येत असूनही बाकाखाली बघणारी मुलगी होते. शाळा सुरू झाली तेव्हा सकाळच्या सूचना वाचणारा मुलगा गाव सोडून गेला होता. ड्युबिक मॅडम, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, त्यांनी माईक माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "नुसतं वाच, खात नाही तो." मी वाचलं. शेवटी हवामान सांगताना तोंडातून निघून गेलं, "आज थंडीवाल्यांना खूश व्हायचा पूर्ण हक्क आहे, बाकीच्यांनी सांत्वनासाठी माझ्याकडे यावं." भिंतीपलीकडून अख्खा वर्ग हसल्याचा आवाज आला. तसा आवाज एकदा ऐकला की माणूस पूर्वीसारखं राहत नाही. बाजारात लोक मला थांबवून विचारायला लागले, "काय गं सिग्ने, उद्या काय म्हणतंय आभाळ?" जणू आभाळ माझ्याच खिशात.

तर रिंक, म्हणजे आइस हॉकीचं बर्फाचं मैदान. शाळेच्या मागे, उघड्यावर. बाबा गावाच्या पाणीपुरवठ्यात आहेत, आणि हिवाळा लागला की रोज कामावरून आल्यावर बंबाचा जुना पाइप खांद्यावर टाकून रिंकवर जातात आणि पाण्याचे थर देतात. पातळ थर, तो गोठला की दुसरा पातळ थर. याचा पगार नाही, कुणी सांगितलेलंही नाही. चिनूक आला की ते फाटकाला दोरी बांधतात आणि दोरीला लाल फडकं. गावातल्या तान्ह्या पोराला कळतं, लाल फडकं म्हणजे आत पाय नको. बर्फ नुसता मऊ झाला तर काही बिघडत नाही, तो परत सपाट गोठतो. पण मऊ असताना त्यावर कुणी चाललं, तर पाऊल जसंच्या तसं गोठतं. मग ते दगडात कोरल्यासारखं.

आणि शनिवारी शेजारच्या लोअर फोर्क गावाशी हॉकीची मॅच होती. वर्षातून एकदा, एका वर्षी त्यांच्याकडे, एका वर्षी आमच्याकडे, आजोबांच्या आधीपासून. लोअर फोर्कनं अलीकडेच छपराखालचं रिंक बांधलं, यंत्रावरचं, गरम खुर्च्यांचं. त्यांच्या पाळीची मॅच आत गेली. आमच्या पाळीची अजून बाहेर होती. तीसुद्धा एकदा आत गेली की परत बाहेर यायची नाही, हे बाबांना माहीत होतं. ते तसं बोलले नव्हते. बाबा असलं काही बोलत नाहीत. ते फक्त त्या आठवड्यात जेवताना खिडकीबाहेरच्या थर्मामीटरकडे तोंड करून बसत होते.

सोमवारी चिनूक आला. मी माईकवर सांगितलं, "बंधू-भगिनींनो, आपला पक्ष सत्तेवर आलेला आहे. जेवणाच्या सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर भेटू, अर्ध्या चड्डीत यावं."

टेगन, माझी मैत्रीण, सूचना संपल्या संपल्या दारात. "समुद्रकिनारा कुठंय गं?"

"रिंकवर."

"लाल फडकं लावलंय."

"माझ्याच बाबांनी लावलंय ना."

हे वाक्य मी ज्या तोऱ्यात टाकलं तो तोरा आठवला की अजून कान तापतात. मी दोरी वर उचलून धरली, लग्नाच्या मांडवात पाहुण्यांना आत घेतात तशी, आणि पोरं खालून वाकून आत आली. घड्या घालायच्या खुर्च्या आल्या, कुणाच्या घरची मोठी छत्री आली, शेगडीवर सॉसेज चढली. बर्फावर घोट्याएवढा लगदा झाला होता आणि आम्ही त्यात नाचलो. मी टाच ओढत ओढत एवढी मोठी अक्षरं काढली: उन्हाळा. सगळ्यांनी फोटो काढले. खिडकीतून ड्युबिक मॅडमनी बघितलं, पण अर्विद टॉरेसनची मुलगीच दोरी धरून उभी आहे म्हटल्यावर त्यांना काय शंका येणार? बाबा गावाच्या दुसऱ्या टोकाला फुटलेला पाइप जोडत होते.

शाळा सुटायच्या आत वारा पडला. मग उत्तरेकडून दुसराच सुटला. घरी पोचेपर्यंत माझे उघडे गुडघे निळे झाले होते.

बाबा उशिरा जेवायला आले. बूट काढायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"सिग्ने, फाटकावरचं फडकं दिसलं नव्हतं का तुला?"

"दिसलं होतं."

"बरं," म्हणाले, आणि बटाटे वाढून घेतले.

मी भांडायच्या पूर्ण तयारीत होते. रिंक सगळ्यांचं आहे, वर्षातून चार दिवस तर ऊन मिळतं, असं सगळं जिभेवर मांडून ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. आईनं अंधाऱ्या खोलीतून हाक मारून विचारलं, "काय झालं?" बाबा म्हणाले, "काही नाही, तू पड."

सकाळी मी बघायला गेले. मला वाटलं होतं चार-दोन पावलं असतील. अख्खं रिंक नांगरल्यासारखं झालं होतं. खुर्च्यांच्या पायांची भोकं, बुटांचे खड्डे, जिथं नाचलो तिथं लाटाच्या लाटा, एक चप्पल पट्ट्यापर्यंत गोठलेली. आणि मधोमध माझ्या अक्षरात, माझ्या वळणाचा 'उ', चार बोटं खोल. शाळेत येणारी पोरं जाळीपाशी थांबून बघत होती. कुणीतरी म्हणालं, "उन्हाळा गोठला बघ," आणि सगळे हसले. सोमवारी हेच हसणं मला किती आवडलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत मी पोस्टात बाबांबरोबर होते. तिथं म्हातारे बसलेलेच असतात. एकानं विचारलं, "अर्विद, पोरांना तूच सोडलंस म्हणे आत?"

मी पार्सलवरचा पत्ता वाचायला लागले. आमचाच पत्ता.

"हो," बाबा म्हणाले. "हवा छान होती."

"म्हातारा व्हायला लागलास तू. फडकं लावून मग स्वतःच सोडतोस?"

"होतं असं."

बाबा खोटं बोलत नाहीत. पाणी गढूळ येणार असेल तर आदल्या दिवशी घरोघर सांगतात आणि शिव्या खातात. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाबा, असं का सांगितलंस?" ते म्हणाले, "पार्सल नीट धर, काच आहे त्यात."

शाळा सुटली की आम्ही दोघं रिंकवर. बाबा लांब पात्याच्या खुरप्यानं उंचवटे खरवडायचे आणि मी बादलीत हिम आणि पाणी कालवून खड्ड्यांत थापायची, भिंतीला गिलावा करतात तसं. एका दमात खड्डा भरता येत नाही. वरची साय गोठते, आत पोकळ राहतं, आणि त्यावर स्केट आला की फसतो. म्हणून थोडं थोडं. माझा उन्हाळा मी एकेक अक्षर करून बुजवला. थंडी अशी पडली होती की पापण्या चिकटत होत्या, आणि मी, चिनूक पक्षाची प्रमुख, मनात म्हणत होते, पड गं बाई, अजून पड, उतरू नकोस. ते मागतानासुद्धा लाज वाटत होती.

बुधवारी सकाळी माईकवर मी फक्त आकडा वाचला आणि बंद केला. टेगन म्हणाली, "पक्ष बदललास काय?"

"नाही."

"मग सुतकी आवाज कशाला काढलास? सगळे विचारतायत, विनोद कुठं गेला?"

"घसा बसलाय," मी म्हटलं. टॉरेसनांच्या घरात आता दोघं खोटं बोलत होते.

त्या संध्याकाळी लोअर फोर्कच्या रॉसचा फोन आला. त्यांच्या संघाचं सगळं तोच बघतो. बाबांचे हात ओले होते, म्हणून त्यांनी फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केला. मी भांडी पुसत होते.

"अर्विद, शुक्रवारी परत चिनूक सांगतायत. तुझा शनिवार गेला समज. पण एक सुचतंय. उद्याच येऊ का आम्ही? उद्यापर्यंत तर कडक थंडी आहे. पोरं तयार आहेत, मी विचारून ठेवलंय."

मी पुसायचं थांबले. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते खिडकीबाहेर बघत होते, रिंक तिथून दिसत नाही तरी.

"उद्या नाही जमणार," ते म्हणाले. "खाचा आहेत अजून. एखाद्याचा घोटा जाईल."

"किती आहेत? आम्ही काय बर्फावर कालच चढलो का?"

"मधोमध आहेत, रॉस. आणखी दोन-तीन थर लागतील."

"मग शनिवारी आमच्याकडे या. छपराखाली. काय?"

बाबांनी हात पुसले, आधीच कोरडे झाले होते तरी. "बरं," म्हणाले.

शुक्रवारी पश्चिमेला चिनूकच्या आधी येते ती ढगांची कमान उभी राहिली, खाली निळ्या आभाळाची पट्टी, आणि रिंकवर पाणी साठलं. मी बुजवलेले खड्डे, बाबांनी खरवडलेले उंचवटे, सगळं एकच. टेगन मला कोपरानं ढोसून म्हणाली, "बघ, कशीही गेलीच असती मॅच. उगाच मेलीस." पोस्टातले म्हातारेही तेच म्हणाले. मला ते इतकं गोड लागलं की गणिताच्या तासभर मी ते खरं मानलं. मग तास संपला. बुधवारचा तो फोन ओट्यावर वाजलेला ऐकणारे गावात आम्ही दोघंच होतो.

शनिवारी अख्खं गाव लोअर फोर्कला गेलं. आणि सांगायचं तर, मजा होती. खुर्च्या गरम, कॉफी गरम, पाय गरम. दर वर्षी गरम पाण्याच्या पिशव्या पोटाशी धरून बसणाऱ्या म्हाताऱ्या बायका स्वेटर उघडे टाकून गप्पा मारत होत्या. पोस्टातला एकजण म्हणाला, "अरे, हे आधीच का नाही केलं आपण?" दुसरा म्हणाला, "पुढच्या वेळी पण इथंच करू. काय रे अर्विद?"

बाबा माझ्या शेजारी बाहेरच्या कपड्यांत बसले होते, जाड कोट, कानटोपी, सगळं. कपाळावर घाम. "हो," म्हणाले, "इथं बरं आहे."

मध्यंतरात यंत्र फिरायला लागलं. मागे ओला पट्टा सोडत एक माणूस गाडीत बसून बर्फ गुळगुळीत करत होता, एका हातानं, दुसऱ्या हातात सँडविच. बाबा ते बघत होते. मला बघवत नव्हतं, ना यंत्र, ना बाबा.

तेवढ्यात रॉस माईकवर म्हणाला, "टॅनर्स कूलीची ती हवामानवाली पोरगी आलीय ना? हां, तिथं लपलीय. ये गं, जरा हसव आम्हाला, पाणी गोठेपर्यंत."

लोक टाळ्या वाजवायला लागले. टेगननं मला ढकललं. मी पायऱ्या उतरले, माईक घेतला, आणि इतके चेहरे, सगळे हसायच्या तयारीत. तोंडात विनोद आलासुद्धा, सवयीनं. तो मी गिळला.

"गुरुवारी आमच्या रिंकवर मॅच झाली असती," मी म्हटलं. "चिनूकनं नाही घालवली. मी घालवली. बाबांनी परवानगी दिली नव्हती. फडकं दिसत असून मीच दोरी उचलली."

माझा आवाज त्या मोठ्या छपराखाली घुमून परत माझ्याकडेच आला. मला वाटलं, आता येईल ते येऊ दे. मला ते हवंच होतं.

मग आमच्याच गावच्या बाजूनं एक बाई मोठ्यानं म्हणाली, "मग पोरी, तुझ्या तोंडात साखर पडो, माझे पाय पहिल्यांदा शाबूत राहिलेत." हशा पिकला. रॉस माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "ऐकलंत का, गरम खुर्च्यांचं श्रेय कुणाचं ते?" आणि टाळ्या सुरू झाल्या. खऱ्या, जोरदार, दोन्ही गावांच्या. शिट्ट्यासुद्धा. माझ्या भाषणाला इतक्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. मी तिथं माईक धरून उभी, कुठं बघावं कळेना, म्हणून बाबांकडे बघितलं.

बाबा आजूबाजूला बघत होते. सगळे टाळ्या वाजवत होते, आणि समोर त्यांची मुलगी उभी होती. मग त्यांनीही हात वर घेतले आणि टाळ्या वाजवल्या. हातमोजे काढायचे राहिले होते, म्हणून त्यांच्या टाळ्यांचा आवाज आला नाही.