न तापणारं इंजिन

"उस्ताद, जरा पट्टी बघ गं!"

शेडमधून बाबांची हाक आली आणि ताईने हातातला लंगोट बादलीत सोडून मान वळवली. सवयच होती ती. कळायला लागल्यापासून ही हाक तिची होती. तेवढ्यात आतून बाबांच्या सुनेचा आवाज आला, "बघते, बाबा." ताईने तो लंगोट पुन्हा उचलला आणि असा पिळला, जणू सगळा गुन्हा त्याचाच होता.

तिचं घर शेडच्या मागेच. मध्ये नुसती भिंत, आणि भिंतीत एक खिडकी. बोटीच्या पाठीला लावायची इंजिनं दुरुस्त करायचं बाबांचं काम, आणि ताई त्यांचा उजवा हात. टेबलापर्यंत हात पोचत नव्हता तेव्हा ती तेलाच्या डब्यावर उभी राहून स्क्रू वेचायची. लग्न झालं तरी तिची जागा हलली नाही. बाळाने मात्र हलवली. "पोर जरा मोठं होऊ दे, मग ये," बाबा म्हणाले. तेही मायेनेच म्हणाले, म्हणून तर भांडताही येईना.

रिकामी जागा रिकामी राहिली असती तरी चाललं असतं. पण भाऊ जहाजावर नोकरीला, त्याची बायको घरात एकटी. ती आधी चहा घेऊन शेडमध्ये जायची. मग बॅटरी धरायला थांबू लागली. मग एक दिवस ताईने खिडकीतून पाहिलं, तर सुनेच्या हातात लाल चिकटपट्टी गुंडाळलेला पाना. ती पट्टी ताईने स्वतः गुंडाळली होती. त्या दिवशी ताईची भाजी करपली.

आज ऑइल मोजायची पट्टी बघायची होती ती कप्तानच्या इंजिनाची. कप्तान म्हणजे काही मोठ्या जहाजाचा कप्तान नव्हे. पाखरं बघायला येणाऱ्या हौशी लोकांना तो आपल्या बुटक्या बोटीतून खाडीत फिरवायचा. पाखरं उडू नयेत म्हणून इतका हळू, की बदकं त्याला मागे टाकून जात. त्याने हौसेने नवं फोर-स्ट्रोक इंजिन घेतलं होतं, बाबांकडूनच बोटीला बसवून घेतलं होतं, आणि त्याचं दुखणं जगावेगळं होतं. इंजिनातलं ऑइल गळतं, जळतं, संपतं, हे सगळ्यांनी ऐकलेलं. कप्तानचं ऑइल वाढत होतं.

"वहिनी, खरं सांगा," तक्रार घेऊन आला त्या दिवशी तो सुनेला म्हणाला होता, "याला दिवस तर गेले नाहीत ना?"

ताई खिडकीआड हसली होती. नंतर सूनही हसली, तेव्हा ताईचं हसू आटलं.

तेव्हापासून ती या इंजिनावर डोळा ठेवून होती. बाळाला पाजताना कान शेडकडे. आधी सुनेने इंजिन सरळ उभं करून मोजलं, कारण तिरकं असलं की पट्टी खोटं बोलते. ताईने मनात म्हटलं, एवढं तर बरोबर. मग तिने ऑइल काढून नवं, अगदी खुणेपर्यंत भरलं. थोड्या फेऱ्या झाल्या आणि कप्तान परत हजर, ऑइल खुणेच्या वर. पाणी शिरलं असतं तर ऑइल दुधाळ झालं असतं, तसं नव्हतं. पट्टीला पेट्रोलचा वास होता. म्हणजे पेट्रोल आत उतरतंय. सुनेने पेट्रोलच्या पंपाचा रबरी पडदा फाटला असेल म्हणून पंपच बदलला. ताईनेही तेच केलं असतं. पुन्हा ऑइल वर.

कप्तान परत आला, की ताईला आतून गुदगुल्या व्हायच्या. लगेच स्वतःची लाजही वाटायची. पेट्रोलने पातळ झालेलं ऑइल इंजिनाला आतून खाऊन टाकतं आणि कप्तानचं सगळं घर त्या एका इंजिनावर चालत होतं. पण गुदगुल्या काही विचारून होत नाहीत.

आता ती कान देऊन ऐकत होती.

"परत वर आहे, बाबा," सून म्हणाली.

"असू दे. काढशील शोधून. उस्ताद आहेस तू."

बस. ताईने बाळाला कडेवर घेतलं, पायात सापडेल ती चप्पल अडकवली आणि शेडमध्ये जाऊन उभी राहिली. पट्टी बघण्यापुरतं थांबवलेलं इंजिन पाण्याच्या पिंपात पुन्हा चालू केलं होतं. कप्तान स्टुलावर बसून त्याच्याकडे आजाऱ्याच्या नातेवाइकासारखा बघत होता.

"या ताई," सून म्हणाली. गालावर ग्रीसचा पट्टा. तोही तिला शोभत होता. "बाळ झोपला नाही?"

"झोपेल कसा? इथे सारखी कुणाला ना कुणाला हाक मारणं चालू असतं."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुला कधीपासून आवाजाचा त्रास व्हायला लागला? तू तर चालू इंजिनाशेजारी झोपायचीस."

"तेव्हा मला झोपायला जागा होती इथे."

 बाळाने तेवढ्यात सूर लावला. बाबांनी घाईघाईने टेबलाखालून प्लास्टिकची बरणी काढली. "हा घे, आजोबांचा खुळखुळा!" बरणीत पितळी चकत्या खणखणल्या आणि बाळ गप्प झालं.

ताईला तो आवाज ओळखीचा होता. तिचंही लहानपण त्यावरच गेलेलं. बाबांची एक रीतच होती. शेडमध्ये इंजिन आलं, की आधी त्यातला थर्मोस्टॅट काढायचा. गार पाण्याच्या वाटेवरची ही छोटी झडप इंजिन तापेपर्यंत मिटलेली राहते, तापलं की उघडते. खाऱ्या पाण्यात ती मिठाने गच्च होते, उघडतच नाही, आणि इंजिन उकळून मरतं. जुन्या काळात बाबांची अशी दोन-चार इंजिनं मेली होती. तेव्हापासून झडप दिसली, की काढायची आणि बरणीत टाकायची. कुणी विचारत नसे, बाबा सांगत नसत. सकाळी शेडचं दार उघडण्याइतकं ते साधं होतं.

ताईने बाळाच्या हातातली बरणी डोळ्यांसमोर धरली. सगळ्या चकत्या मिठाने हिरव्या पडलेल्या. एक मात्र लखलखीत, नवी कोरी.

तिने पुढे होऊन इंजिनाच्या अंगावर हात ठेवला. एवढा वेळ चालू असलेलं इंजिन माठासारखं गार होतं.

सगळं एकदम जुळलं. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनांना चालून गेलं असेल, पण या फोर-स्ट्रोकला ऊब हवी. आधीच कप्तान मुंगीच्या पावलाने चालवणार, त्यात झडप नाही म्हणून गार पाणी अखंड वाहणार. गार इंजिनात पेट्रोल पुरतं जळत नाही. उरलेलं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळतं, पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल वाढत नव्हतंच. पेट्रोल साठत होतं.

ही गोष्ट बाबांना बाजूला घेऊन सांगता आली असती. ताईला ते सुचलंसुद्धा. पण लाल चिकटपट्टीचा पाना सुनेच्या खिशातून डोकावत होता.

"याचा थर्मोस्टॅट काढलाय," ती मोठ्याने म्हणाली, कप्तानला ऐकू जाईल अशी. "इंजिन तापतच नाही, म्हणून पेट्रोल खाली उतरतंय. उस्तादांनी एकदाही हात लावून पाहिला नाही वाटतं?"

बाबांचा चेहरा पडला. सुनेने पान्याला हात लावला आणि काढून घेतला.

"काढला तेव्हा मी इथेच होते," ती हळूच म्हणाली. "मी विचारलंही होतं, याला तो लागत असेल ना म्हणून. बाबा म्हणाले, ताईने इतकी वर्षं काम केलं, तिने कधी असलं काही विचारलं नाही."

ताईच्या कानशिलात बसली. खरंच विचारलं नव्हतं.

"मग मी परत कशाला तोंड उघडू?" सुनेचा आवाज चढला. "दिवसभर तेच ऐकते. ताई असा पाना धरायची. ताई आवाजावरून ओळखायची. उस्ताद म्हणतात मला, पण आधी तोंडातून ताई निघतं, मग जीभ चावून उस्ताद म्हणतात. तुम्ही खिडकीत उभ्या असता ना, तेव्हा माझ्या हातून स्क्रू पडतात."

"माझं इंजिन वाचेल का, ते सांगा आधी," कप्तान काकुळतीला येऊन म्हणाला.

"वाचेल," दोघी एकदम म्हणाल्या आणि दोघींनाही ते आवडलं नाही.

बाबा उठले. बरणीतून लखलखीत झडप काढली, फडक्याने पुसली, उजेडात धरली. "माझी अक्कलही या बरणीतच होती म्हणायची," ते पुटपुटले. मग त्यांनी झडप टेबलावर ठेवली, कुणाच्याच हातात न देता. "बसवा कुणीतरी. मी ऑइल आणतो."

सुनेने खिशातला पाना काढून ताईपुढे धरला आणि दुसरा हात बाळाकडे केला. "द्या त्याला."

"तो कुणाकडे जात नाही," ताई अभिमानाने म्हणाली.

बाळ गेलं. नुसतं गेलंच नाही, तर सुनेच्या ग्रीस लागलेल्या खांद्यावर गाल टेकून तोंडात बोट घालून बसलं.

ताईने खाली मान घालून काम केलं. झाकणाचे बोल्ट, जुनी गॅस्केट, झडप, नवी गॅस्केट. बोटं काही विसरली नव्हती. पातळ ऑइल काढलं, बाबांनी आणलेलं नवं खुणेपर्यंत भरलं. कप्तानला तिने बजावलं, पाखरं दाखवून झाली की परत येताना रोज थोडा वेळ इंजिन जोरात पळवायचं. "आणि बदकांना एकदा हरवून दाखवा," मागून सून म्हणाली. ताईला हसू आलं. ते तिने दाबलं.

इंजिन पुन्हा चालू झालं. ताईने वर हात ठेवला. जरा वेळ गारच. मग कोमट. मग आंघोळीच्या पाण्यासारखं, बाळाचं पाणी बघताना कोपर बुडवल्यावर लागतं तसं.

"बाबा, तापलं!"

"उद्यापासून दुपारी ये," बाबा ऑइलच्या डब्याशी बोलल्यासारखे म्हणाले. "पोराला घेऊन ये. दोघींपैकी एकजण धरेल."

हेच तर हवं होतं. ताई आनंदाने वळली, बाळाला घ्यायला हात पुढे केले.

"शू," सून कुजबुजली. "झोपलाय माझ्याकडे."

ताईच्या कडेवर रात्र रात्र न मिटणारे बाळाचे डोळे गाढ मिटले होते. ताईचे हात तसेच राहिले. मग ती परत इंजिनाकडे वळली, कारण काही झालं तरी पट्टी अजून एकदा बघायचीच होती.