सांवठी

कुंभकोणमच्या एका महाविद्यालयात पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या पंकजाबाईंनी फोनवर 'कोडंघर' नावाचा गट सुरू केला, तो घरची भाषा टिकावी एवढ्याचसाठी. तंजावूरकडच्या मराठी घरांतली साठेक माणसं त्यात होती. बाहेर सगळे तमिळ बोलत. पण दुपारी चारला गटावर एखादं जुनं कोडं येई आणि दिवेलागणीपर्यंत त्यावर आपल्या मराठीत वाद चाले. पंकजाबाईंचा नियम एकच होता, नुसतं उत्तर चालायचं नाही. ते कसं लागू पडतं हे ओळीगणिक दाखवायचं. चार वर्षांत त्यांना अडवील असं कोडं आलं नव्हतं.

ते एका मंगळवारी आलं. तिरुवलंचुळीला राहणारे त्यांचे धाकटे चुलतभाऊ अप्पाराव यांनी पाठवलेलं.

'माणसं मोजा, एक जास्त; पानं मोजा, बरोबर. दार लावा, आत राही. दार उघडा, संगें येई.'

पंकजाबाईंनी वही उघडली. सावली लिहिली आणि खोडली, कारण सावल्या माणसागणिक असतात, एक जास्त होत नाही. वास, भूक, आठवण. प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या ओळीशी अडला. त्या विचार करीत होत्या तोवर गटावर वीसजणांची उत्तरं येऊन पडली, आणि सगळ्यांनी एकच शब्द लिहिला होता: सांवठी. 'हें काय कोडं झालं? लेंकरांना घालायचं,' असंही कोणीतरी लिहिलं.

हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

घरातले दोन्ही कोश पाहिले. नव्हता. आपण विसरायला लागलो की काय, या शंकेनं त्यांनी हजारपर्यंतच्या मूळ संख्या म्हणून पाहिल्या, आपण शिकवलेल्या पहिल्या वर्गातल्या मुलींची नावं हजेरीच्या क्रमानं आठवली. सगळं जागच्या जागी होतं. तेव्हा संकोच बाजूला ठेवून त्यांनी अप्पारावांना फोन लावला.

"सांवठी म्हणजे काय रे?"

अप्पाराव हसले. "अक्का, थट्टा करत्येस का?"

"थट्टा नाही. सांग. कशी असते?"

"कशी म्हणजे? आमची ठेंगणी आहे. सासुरवाडीची उंच. तुझी कशी आहे?"

पंकजाबाईंनी वहीत 'ठेंगणी, उंच' असं टिपून घेतलं. पलीकडचं हसू हळूहळू थांबलं. "अक्का," अप्पाराव जरा जपून म्हणाले, "बरं आहे ना तुला?"

जुना घरगुती शब्द असेल, आपल्याच घरातून निसटला असेल, अशी त्यांनी समजूत घातली. पण उत्तर ठाऊक झालं म्हणजे कोडं सुटलं असं त्यांनी कधी मानलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेताना त्यांनी शेजारच्या भुवनेश्वरीला ते कोडं तमिळमध्ये करून घातलं. भुवनेश्वरीला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तिनं पेला खाली ठेवण्याआधीच उत्तर दिलं, तमिळमधला एक छोटासा, घरगुती शब्द. आणि त्रेसष्ट वर्षं त्याच गावात तमिळ बोलत आलेल्या पंकजाबाईंना तोही नवाच होता. त्यांनी तो पुन्हा उच्चारायला लावला, वहीत उतरवला आणि तिथंच ठरवलं, की ती वस्तू असो नाहीतर माणूस, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय थांबायचं नाही.

गुरुवारी त्या बसनं नाचियारकोविलला गेल्या. तिथं त्यांची मीनाक्षीमावशी राहत होती, शहाऐंशी वर्षांची, पण कानानं आणि बुद्धीनं लख्ख. शेजारच्या पितळी दिव्यांच्या कारखान्यातून कानशीचा आवाज येत होता. मावशीनं केळीची दोन पानं मांडली, सांबार वाढलं आणि समोर बसली. जेवण होईपर्यंत पंकजाबाईंनी विषय काढला नाही.

मग वही पुढं करून म्हणाल्या, "मावशी, मला सांवठी पाहायची आहे."

"पाहायची नसत्ये गे ती. सवयीची असत्ये."

"मला पाहायचीच आहे. तुझी दाखव."

मावशीनं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. लहान मुलाच्या अंगात ताप आहे हे हात लावताच कळावं, तसं काहीसं होतं.

"तुज ठावें नाही? खरंच?"

"नाही."

"आणि इतकीं वर्षं त्या घरांत एकटी राहत्यें म्हणून सांगत आलीस?"

"एकटीच राहते मी."

मावशीनं पंकजाबाईंच्या डाव्या बाजूला, जमिनीपासून हातभर उंचीवर, एकवार नजर टाकली आणि घाईनं पानं उचलायला घेतली. "अशी बोलूं नको," ती हलकेच म्हणाली. "ऐकत्ये ती."

पंकजाबाईंनी मान वळवली. भिंत होती, भिंतीवर दिनदर्शिका होती. त्यांनी हात लांब करून ती सगळी जागा चाचपून पाहिली, वर्गात फळा पुसावा तशी, वरपासून खालपर्यंत, एक वीतही न सोडता. काही लागलं नाही. मावशी पानं हातात घेऊन दाराशी पाठमोरी उभी होती. हात फिरत होता तोवर तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.

परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. बाहेर भाताची खाचरं ऊन पिऊन पडली होती. त्या वही मांडीवर घेऊन पहिल्यापासून ओळी तपासू लागल्या. चूक उत्तरात नसेल तर मोजणाऱ्यात असेल, असं त्यांनी स्वच्छ अक्षरांत लिहिलं आणि खाली रेघ ओढली. पुढच्या थांब्यावर माणसं चढली, मधली वाट भरून गेली. तरी त्यांच्या डावीकडची जागा रिकामीच होती. टोपलीभर शेवग्याच्या शेंगा घेतलेली एक बाई वरच्या दांडीला धरून तिथंच हेलकावे खात उभी होती.

"बसा ना," पंकजाबाई तमिळमध्ये म्हणाल्या. "जागा आहे इथं."

बाईनं त्या जागेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून हसत म्हणाली, "राहू द्या अम्मा. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

कुंभकोणम यायला अजून वीस मिनिटं होती. पंकजाबाईंनी वही मिटली आणि तेवढा सगळा वेळ डावा खांदा जराही हलू दिला नाही.